शपथ कुणाची, हुकूम कुणाचा

३० डिसेंबर २०१९. मुंबईत विधानभवनाच्या आवारात मंत्रिमंडळ विस्ताराचा शपथविधी चालू होता. काँग्रेसचे के. सी. पाडवी यांनी ठरलेल्या मजकुराला स्वतःची वाक्यं जोडली आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना शपथ पुन्हा घ्यायला लावली. महिनाभर आधी शिवाजी पार्कवर झालेल्या शपथविधीत मंत्र्यांनी आधी आपापल्या नेत्यांचं आणि दैवतांचं स्मरण केलं होतं, त्यावरूनही कुरबुर झाली होती. दोन्ही बातम्या चार दिवसांत विरल्या. राज्यपालांचा रोख कुणावर होता याची चर्चा भरपूर झाली. शपथेचा मूळ मजकूर काय आहे, याची फारशी झाली नाही.

तो मजकूर संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि सावकाश वाचावा असा आहे. मंत्री असो, आमदार असो की उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, तो श्रद्धा आणि निष्ठा वाहतो ती विधिद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाला. १९६३ साली, द्रविडनाडूच्या मागणीच्या पार्श्वभूमीवर, सोळाव्या घटनादुरुस्तीने त्यात देशाची सार्वभौमता आणि एकात्मता राखण्याचं वचन आलं. नेता, पक्ष, पंतप्रधान, सरकार यांतल्या कशाचंही नाव निष्ठेच्या ओळीत नाही. जे सरकार चालवणार, त्यांनीसुद्धा सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी माणूस भारताचा नागरिक होतो, तेव्हा तोही संविधानाशीच निष्ठा वाहतो आणि कायदे पाळण्याचं वचन देतो. तुमच्या-माझ्यासारख्या जन्माने नागरिक झालेल्यांना तर कुणी शपथ विचारतच नाही.

म्हणजे नागरिकाने निष्ठा सरकारशी ठेवायची की ज्या तत्त्वांवर देश उभा राहिला त्यांच्याशी, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे कागदावर केव्हाच देऊन झालं आहे. तरीही सरकारवर टीका करणाऱ्याला आधी ‘मी देशद्रोही नाही’ असं सांगून मग बोलावं लागतं. हा गुंता कुठून आला, हे पाहायचं तर १५० वर्षं मागे जावं लागतं.

सरकारवर प्रेम करणं ही कायद्याची सक्ती असू शकते, ही कल्पना इथे १८७० साली आली. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात राजद्रोहाचं कलम होतं, पण १८६० च्या भारतीय दंडसंहितेतून ते गळलं. दहा वर्षांनी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते १२४ अ म्हणून बसवलं. १८९७ साली पुण्यात रँडचा खून झाला आणि ‘केसरी’तल्या लेखनासाठी टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. तिथे न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला कलमाचा अर्थ समजावला तो असा, की सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी धरलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि निष्ठेचा अभाव हासुद्धा अप्रीतीतच मोडतो, असं स्पष्टीकरण कलमात छापून आलं. बंड केलंत का, हा सवाल मागे पडला. मनात निष्ठा आहे का, हे आता कोर्टात विचारता येऊ लागलं.

१९०८ चा खटला सगळ्यांना ठाऊक आहे: न्या. दिनशा दावर, सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, मंडाले. ज्या दावरांनी १८९७ साली वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता, त्यांनीच न्यायाधीश म्हणून या वेळी तो नाकारला. निकालानंतर टिळकांनी काढलेले उद्गार उच्च न्यायालयाच्या ४६ नंबरच्या दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. या न्यायपीठाहून वरची एक सत्ता आहे, असा त्यांचा आशय. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते त्या पाटीचं अनावरण झालं. ज्या कलमाखाली ती शिक्षा झाली ते १२४ अ त्या दिवशीही कायद्याच्या पुस्तकात होतं. शिक्षा झालेल्याचा गौरव करायचा आणि शिक्षेचं हत्यार जपून ठेवायचं, ही आपली रीत तेव्हापासूनची.

मला मात्र टिळकांच्या तिसऱ्या खटल्याचं अधिक अप्रूप वाटतं. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण त्यात ते सुटले. १९१६ च्या मे-जूनमध्ये बेळगाव आणि अहमदनगर इथे होमरूलवर केलेल्या भाषणांत त्यांनी सरकारचे सरळ दोन भाग पाडले. एक अव्यक्त सरकार, वेदान्तातल्या निर्गुण ब्रह्मासारखं, ज्याच्याशी आमचं भांडण नाही. दुसरं व्यक्त सरकार, म्हणजे कलेक्टरपासून पाटलापर्यंतची नोकरशाही, जी मायेसारखी बदलते आणि बदलता आलीच पाहिजे. देव हवा आहे, मधले पुजारी बदलून द्या, असा तो युक्तिवाद. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका मागितला. उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूने जिना उभे राहिले आणि न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला. भाषण एकंदरीत पाहावं, सुटं वाक्य पकडू नये, हे त्या निकालाचं सूत्र.

टिळकांची ती मांडणी वकिली चतुराईची होती यात शंका नाही. बादशहाला ब्रह्मपदी बसवून नोकरशाहीला झोडपायचं, म्हणजे कलमही टळतं आणि श्रोतेही खूश. पण गादी वेगळी आणि गादीवरचा माणूस वेगळा, हा भेद त्यांना नव्याने शोधावा लागला नव्हता. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, रघुनाथराव पेशवे झाले, तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू आणि मंडळींनी बारभाईंचा कारभार उभा केला. सवाई माधवराव ४० दिवसांचे असताना त्यांच्या नावे पेशवाईची वस्त्रं आणवली. पेशव्याविरुद्ध जाऊन पेशवाईशी इमान राखलं. रामशास्त्र्यांची गोष्ट आपण न्यायाची म्हणून सांगतो; निष्ठेची म्हणूनही ती तितकीच खरी आहे.

गांधींनी १९२२ साली अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्डपुढे हे आडपडदे ठेवलेच नाहीत. प्रीती कायद्याने पैदा करता येत नाही, असं म्हणून त्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांच्यानंतर निष्ठेची सक्ती नैतिकदृष्ट्या संपायला हवी होती. संविधानसभेत तसं घडलंही. भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालणाऱ्या मसुद्यात राजद्रोह हा शब्द होता, तो कन्हैयालाल मुन्शींच्या दुरुस्तीमुळे १९४८ साली वगळला गेला. लोकशाहीत एक सरकार जाऊन दुसरं येणं हाच तर खेळ आहे, मग सरकारवरची टीका गुन्हा कशी, असा मुन्शींचा सवाल होता. मात्र दंडसंहितेतलं कलम कुणी काढलं नाही. १९५१ साली नेहरूंनी संसदेत त्याची निर्भर्त्सना केली आणि तेच कलम जगवता येईल अशी सोय पहिल्या घटनादुरुस्तीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घालून झाली.

१९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. ‘कायद्याने स्थापित सरकार’ म्हणजे राज्यसंस्थेचं दृश्य रूप. त्या त्या वेळी कारभार हाकणारी माणसं म्हणजे ते नव्हे. त्या माणसांवर कितीही कडक टीका करा, हिंसेला चिथावणी किंवा सुव्यवस्था मोडण्याचा रोख असेल तरच गुन्हा. टिळकांचं व्यक्त आणि अव्यक्त इथे कायद्याच्या भाषेत परत आलं, थोडं उलटंपालटं होऊन. गंमत अशी की, ज्यांच्या नावाने हे संरक्षण गेली सहा दशकं उद्धृत होतं त्या केदारनाथांचं अपील त्याच निकालात फेटाळलं गेलं.

कायद्याचा धागा इथे जरा सोडतो, कारण प्रश्नाचा गाभा कोर्टात नाही. तो २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आहे. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी संविधानसभेत दोन इशारे शेजारी शेजारी ठेवले आणि आपण सोयीने त्यातला एकच उचलतो. पहिला: घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे अराजकाचं व्याकरण आहे. दुसरा: धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. सत्तेतल्या माणसाला पहिला इशारा पाठ असतो, आंदोलनातल्या माणसाला दुसरा. बाबासाहेबांना दोन्ही एकत्र हवे होते: आंधळी निष्ठा नको आणि उठसूट बंडही नको. त्यांची स्वतःची संविधाननिष्ठाही काही पोथीनिष्ठा नव्हती. १९५३ साली राज्यसभेत, हे संविधान जाळायला मीच पहिला पुढे येईन, इथवर ते बोलले. दोन वर्षांनी खुलासा केला तो असा, की देवासाठी बांधलेल्या देवळात असुरांनीच बस्तान बसवलं तर दुसरं काय करायचं.

या दोन इशाऱ्यांची खरी परीक्षा १९७५ साली झाली, आणि ती वाटते तितकी सोपी नव्हती. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी पोलीस आणि लष्कराला बेकायदा हुकूम पाळू नका असं आवाहन केलं, आणि त्याच रात्री आणीबाणी लागली. जयप्रकाश बरोबर होते, असं म्हणणं आज सोपं आहे. पण आंबेडकरांचीच मोजपट्टी लावली तर त्या संध्याकाळी घटनात्मक मार्ग उघडे होते: कोर्ट चालू होतं, वृत्तपत्रं छापली जात होती, संसद जागेवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंद झाले. तेच वाक्य एक रात्र उशिरा उच्चारलं असतं तर त्यावर बोट ठेवायला जागा उरली नसती. ‘बेकायदा’ या शब्दाने जयप्रकाशांचा बचाव होतो, आणि तो मला पुरेसा वाटतो. तरीही हुकूम बेकायदा आहे हे चौकात काठी घेऊन उभ्या असलेल्या शिपायाने तिथल्या तिथे ठरवायचं, ही अपेक्षा फार मोठी आहे.

मोठी असली तरी कायदा ती करतो. सैनिकाच्या शपथेत दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत: निष्ठा संविधानाशी, आज्ञापालन राष्ट्रपतींचं आणि वरिष्ठांचं, प्राणावर बेतलं तरी. आणि १९५० च्या लष्कर कायद्याचं ४१ वं कलम ज्या हुकमाची अवज्ञा गुन्हा मानतं, त्या हुकमामागे ‘कायदेशीर’ हे विशेषण लावलेलं आहे. या सगळ्या चर्चेची किल्ली मला तिथे सापडते. सरकारचा नागरिकावर हक्क आहे तो आज्ञापालनाचा, आणि तोही कायदेशीर हुकमापुरता. न पटणाऱ्या योजनेसाठीही मी कर भरतो, न आवडणाऱ्या मंत्र्याच्या ताफ्यासाठी सिग्नलला थांबतो. एवढं सरकारला देणं लागतो. त्यापुढे जाऊन त्याच्यावर विश्वास ठेवावा, त्याचं भलं चिंतावं, त्याच्या पराभवाने दुःखी व्हावं, असं कुठलंही देणं नाही. आज्ञापालन मागता मागता निष्ठा वसूल करायची, ही १८९८ ची सवय आहे.

आणीबाणीत ही सवय राष्ट्रीय धोरण झाली. काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआंनी ‘इंदिरा इज इंडिया’ म्हणून देश, सरकार आणि व्यक्ती यांची एकच मोळी बांधली. याउलट चित्र दोन ठिकाणी दिसलं. मुंबईचे नानी पालखीवाला इंदिरा गांधींचे वकील होते, २४ जूनची स्थगिती त्यांनीच मिळवून दिली होती. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी वकीलपत्र परत केलं. आणि डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष म्हणून केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, अध्यक्ष दुर्गा भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. यशवंतरावांबद्दल मला सहानुभूती वाटते. लोकशाही मुरलेला, वाचणारा माणूस. निष्ठा कुठे ठेवावी हे त्यांना कळत नसेल असं नाही. पक्ष, नेतृत्व आणि राज्यघटना यांत ओढाताण होते तेव्हा बहुतेक सभ्य माणसं जे करतात तेच त्यांनी केलं: गप्प राहिले.

न्यायालयही गप्प राहिलं. २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की, आणीबाणीत स्थानबद्धाला जीविताच्या हक्कासाठीही कोर्टात दाद मागता येणार नाही. चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात. त्यांचं म्हणणं नीट पाहावं. ते संविधानाच्या मजकुरापाशीच थांबले नाहीत. जीविताचा हक्क कलम २१ ने दान केलेला नाही, कायद्याच्या राज्यात तो त्याआधीपासूनच आहे, असं ते म्हणाले. बाकी चौघेही संविधानाला धरूनच बोलत होते, कारण आणीबाणी कलम ३५२ खाली लागली होती आणि तिचे कागद जागच्या जागी होते. मजकुराला चिकटून तत्त्व बुडवता येतं, हे त्या निकालाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल उलटायला २०१७ साल उजाडलं, आणि निकालपत्र लिहिलं ते यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी.

आणीबाणीतच, ४२ व्या घटनादुरुस्तीने, नागरिकांची मूलभूत कर्तव्यं संविधानात आली. त्यांचा जन्म अशा काळातला असल्याने पुष्कळ उदारमतवादी मंडळी त्यांच्याकडे नाक मुरडून पाहतात. मीही पाहत असे, पण कलम ५१ अ मधली यादी काही वेगळंच सांगते. संविधान पाळा, त्याचे आदर्श आणि संस्था यांचा आदर करा, स्वातंत्र्यलढ्याला स्फूर्ती देणाऱ्या आदर्शांची जोपासना करा. पुढे वैज्ञानिक दृष्टी आहे, जंगलं आणि नद्या आहेत. सरकारचा आदर करा असं त्यात नाही. सरकारची ताकद टिपेला पोचलेली असतानाही कुणाला ते लिहिता आलं नाही.

इथवरचा सगळा वाद मात्र ज्यांना देशाने आपलं म्हटलं त्यांच्यातला आहे. ज्यांना म्हटलं नाही त्यांचा प्रश्न १९७२ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांनी विचारला. ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखात त्यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या, आणि ध्वजाबद्दल जहाल भाषा वापरली. राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानाविरुद्धचा कायदा त्याआधी काही महिने, १९७१ साली झाला होता. पुण्यात गदारोळ उठला, मोर्चे निघाले. ढाल्यांचा विरोध सरकारला होता की देशाला? माझ्या मते दोन्हींना नव्हता. समता आणि बंधुता या प्रास्ताविकेतल्या शब्दांची थकबाकी ते मागत होते. निष्ठा एकतर्फी असू शकत नाही, राज्याने आपल्या वाट्याचं आधी द्यावं, हा त्यांचा मुद्दा अव्वल दर्जाच्या राज्यशास्त्राचा आहे. फक्त तो सभ्य भाषेत आला नाही, म्हणून तो शिवीत मोजला गेला. संविधाननिष्ठेच्या गप्पा मारणाऱ्यांनी तो अंक अधूनमधून काढून वाचावा.

चिन्हांबाबत न्यायालय पुढे शहाणपणाने वागलं. केरळातल्या एका शाळेने ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाच्या तीन मुलांना १९८५ साली काढून टाकलं होतं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. अमेरिकेत याच पंथाच्या मुलांना ध्वजवंदनाच्या सक्तीतून १९४३ साली, ऐन महायुद्धात, मोकळीक मिळाली होती. देश धोक्यात असतानाही हे जमतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

बाहेरच्या देशांकडे पाहायचं तर जर्मनीला टाळता येत नाही. २ ऑगस्ट १९३४ ला हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी जर्मन सैनिकांकडून हिटलर या व्यक्तीच्या नावाने शपथ घेतली गेली. हिटलर देशाला खड्ड्यात नेतो आहे हे कळत असूनही पुढे दहा वर्षं कित्येक अधिकाऱ्यांचे हात त्या शपथेने बांधलेले राहिले. युद्धानंतरच्या मूलभूत कायद्यात १९६८ साली २० व्या कलमात भर पडली: घटनात्मक व्यवस्था नष्ट करू पाहणाऱ्याचा प्रतिकार करण्याचा हक्क प्रत्येक जर्मनाला आहे, दुसरा उपाय उरला नसेल तर. आंबेडकरांची अट तिथे कलमात बसली आहे. पुढे डॉल्फ स्टर्नबर्गर आणि हाबरमास यांनी घटनात्मक देशभक्तीची कल्पना मांडली. माती आणि रक्त यांच्या नावाने काय घडतं ते पाहिलेल्या देशाला ती सुचावी हे साहजिक होतं. इतरत्र ती जरा कोरडी वाटते, असं म्हणणाऱ्यांचा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. कलमांसाठी डोळ्यांत पाणी येणारी माणसं थोडी असतात. पण आपल्याकडे चैत्यभूमीवर संविधानाची प्रत छातीशी धरून उभी असलेली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांनी हा आक्षेप जपून घ्यावा.

आपल्या शेजारचं एक उदाहरण गोव्याचं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सीमेवर असताना सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना हुकूम धाडला: शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्यांच्याकडे ना विमानं होती ना पुरेसे सैनिक. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालने त्यांना लष्करातून बडतर्फ केलं. १९७४ च्या क्रांतीनंतर सालाझारची राजवट गेली तेव्हा त्यांचं पद परत मिळालं. त्यांनी कुठलं उदात्त तत्त्व पुढे केलं नव्हतं. हुकमात शहाणपण नव्हतं आणि माणसं मरणार होती, एवढंच. सरकारनिष्ठा नाकारायला दर वेळी प्रास्ताविका लागतेच असं नाही.

तत्त्वांच्या बाजूने इतकं बोलल्यावर तिथली अडचणही सांगायला हवी: तत्त्वं काय आहेत हे ठरवणार कोण? अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांत हा वाद पेटला होता. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८५४ च्या ४ जुलैला अमेरिकी राज्यघटनेची प्रत जाहीर सभेत जाळली, कारण ती गुलामगिरीशी तडजोड करते. त्यांचे जुने सहकारी फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून सुटलेले, तोवर उलट निष्कर्षाला आले होते: तीच राज्यघटना नीट वाचली तर गुलामगिरीच्या विरोधात उभी राहते. ध्येय एक, निष्ठा उलट. गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेव्हा हा घरातला तंटा मिटून गेला होता.

आपल्याकडे हेच मूलभूत चौकटीबाबत आहे. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेलाही हात लावता येणार नाही असा संविधानाचा गाभा आहे हे सांगितलं, पण सात विरुद्ध सहा मतांनी. प्रास्ताविकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ चे. ते मूळचे की उपरे, हा वाद २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या तरी थांबलेला नाही. प्रत्येक पक्ष संविधानाची प्रत उंचावतो, आणि सगळेच एकाच पुस्तकाची पानं वेगवेगळी उघडतात. म्हणून काहीजण म्हणतात की, तत्त्वांची भानगड नको, निवडून आलेलं सरकार हाच लोकांचा कौल, त्याच्याशी एकनिष्ठ राहा. हा सल्ला मला आळशी वाटतो. सरकारला मत देणारे कालही सगळे नव्हते आणि उद्या तेच असतील असंही नाही. तत्त्वांबद्दल भांडण आहे, ही त्यांच्याशी निष्ठा असल्याचीच एक खूण आहे. ज्याची कुणाला पर्वा नाही त्याच्यावर कोण भांडेल?

खरी गोची रोजच्या कारभारात होते. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली. मार्च २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ते प्रकरण निकाली काढताना पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचनांचा आग्रह धरला. त्याप्रमाणे ऑगस्टमध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी परिपत्रक काढलं. केदारनाथ निकालाचा हेतू पोलीस ठाण्यापर्यंत पोचवायचा होता. पोचलं ते उलटंच: लोकप्रतिनिधी आणि लोकसेवक यांच्यावरची टीकाही राजद्रोहात येऊ शकेल अशी त्याची शब्दरचना झाली. ओरड झाली, कोर्टाने स्थगिती दिली, सरकारने परिपत्रक मागे घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सरकार आणि सरकारातली माणसं यांत ओढलेली रेघ मंत्रालयातल्या एका टेबलावर पुसली गेली, आणि ती पुसताना कुणाच्या मनात काही दुष्ट हेतू असेल असंही मला वाटत नाही. वरचा साहेब म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे देश, हे समीकरण दफ्तरात इतकं मुरलं आहे की मसुदा करणाऱ्याच्या हातून ते आपोआप उतरतं. त्याच्या स्वतःच्या सेवानियमांत सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला मनाई आहे. जे आपल्याला लागू ते सगळ्यांना लागू, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ खालची कारवाई थांबवली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि राजद्रोह हा शब्द गेला. कलम १५२ मधल्या गुन्ह्याच्या व्याख्येत आता ‘सरकार’ नाही; देशाची सार्वभौमता, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं आहेत, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कागदावर ही प्रगतीच म्हणायची, १८७० पासूनचं प्रीतीचं ओझं उतरलं. पण विघटनवादी ‘भावनांना’ उत्तेजन देणं हाही त्यात गुन्हा आहे, म्हणजे मनात डोकावणं चालूच. आणि अमुक एक लेख किंवा चित्र देशाविरुद्ध आहे की सरकारविरुद्ध, हे पहिल्यांदा ठरवणार तो फिर्याद नोंदवून घेणारा ठाणे अंमलदार. बंदीवास किती लांबणार ते बहुतेकदा तिथेच ठरतं, कोर्ट फार नंतर येतं.

१२४ अ विरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयात नेणाऱ्यांत एक निवृत्त मेजर जनरल होते, एस. जी. वोंबटकेरे. ती याचिका सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या घटनापीठाकडे गेली. केदारनाथ निकालाचा फेरविचार व्हायचा की नाही, हे तिथे ठरायचं आहे. सैन्यात भरती होताना संविधानाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या याच माणसाने आता कलम १५२ लाही आव्हान दिलं आहे.